आत्या चहा पीत नाही

विलायती गढ्यांच्या रहस्यकथांचं मला व्यसन आहे. ओसाड माळ, झोडपणारा पाऊस आणि कमरेला चाव्यांचा जुडगा लावलेली घुमी कारभारीण. वर्षानुवर्षं न उघडलेली एक खोली हवीच. पहिल्या पन्नास पानांत तिच्या दाराशी कोणी गेलं नाही, तर माझे पैसे फुकट गेले असं मी समजते. हे सगळं वाचायचं ते लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धी टेकून. तिकडे गढीच्या जिन्यावर पाऊल वाजतं, इकडे शेजारीण मटार सोलता सोलता म्हणते, "अगं, जरा सरक."

या प्रकाराची सुरुवातच मुळी थापेनं झाली. १७६४ साली होरेस वॉल्पोलनं पहिली अशी कादंबरी छापली ती जुन्या इटालियन पोथीचा अनुवाद म्हणून. खपली, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबूल झाला आणि वर 'गॉथिक' हा शब्दही चिकटवून दिला.

आमच्या दादरच्या दोन खोल्यांत गुपित ठेवायला जागा कुठली? माणसं सात. दार रात्री तेवढं लागायचं. कुलपात असायचं फक्त गोदरेजचं कपाट, आणि त्याची किल्ली आजीच्या कनवटीला. आमची कारभारीण तीच, फक्त घुमी अजिबात नव्हती.

त्या कपाटावरचं नाव मी लहानपणापासून वाचत आले. त्यामागची गोष्ट मात्र फार उशिरा कळली, आणि ती कळल्यापासून ओव्हल मैदानावरून जाताना मान आपोआप वर होते. समोर मुंबई विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, राजाबाई टॉवर. बांधणी अस्सल गॉथिक. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुंबईत पाऊलही न ठेवता काढलेला. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. १८७८ मध्ये बांधून झाला. १८९१ च्या एप्रिलमध्ये बच्चूबाई आणि तिच्या नात्यातली पिरोजबाई, दोघी तरुण पारशी मुली, तो चढून गेल्या आणि वरून खाली पडून मेल्या. ढकललं, की अब्रू वाचवायला त्यांनी उडी घेतली, यावर शहर भांडत राहिलं. बच्चूबाई ही अर्देशीर गोदरेज यांची बायको. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि १८९७ मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली.

या दोन गोष्टी एकमेकींना जोडू नयेत, कळतं मला. धंदा हा धंदा असतो. पण व्यसनी माणूस जोडतोच. आणि हे एखाद्या कादंबरीत असतं, तर 'अती झालं' म्हणून मी पुस्तक मिटलं असतं.

आजी गेल्यावर कपाट आवरायला बसलो. लॉकरमध्ये मोहनमाळ, रेशनकार्डं, बाबांच्या मुंजीचा फोटो आणि रुमालात बांधलेली एक लहान पितळी किल्ली. घरातल्या एकाही कुलपाला ती लागेना. ट्रंकेला नाही, देवघराच्या खणाला नाही. आत्याला दाखवली. तिनं ती हातात घेतली, पुन्हा रुमालात गुंडाळली, "असू दे तिथेच," म्हणाली आणि स्वतःसाठी चहा टाकायला उठली.

आत्या चहा पीत नाही.