एका तक्रारीमागची साखळी

औषधांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचे सर्चसंबंधीचे काम माझ्याकडे होते, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकांचा एके सकाळी तातडीचा फोन आला. काही औषधांची नावे गूगलवर शोधली की त्यांच्या पानांच्याही वर संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेची पाने दिसत होती, आणि त्या पानांची शीर्षके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधे विकत असल्याचे सांगत होती. आमच्या कार्यालयातील प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून या संस्थेविरुद्ध स्पॅमची, म्हणजे शोधनिकालांत घुसवलेल्या फसव्या पानांची, तक्रार नोंदवावी, म्हणजे तक्रारींचा आकडा पाहून गूगल ती पाने ताबडतोब काढून टाकील, अशी त्यांची अपेक्षा होती.

ही समजूत आमच्या व्यवसायात खोलवर रुजलेली आहे. स्पॅमची तक्रार म्हणजे मतदान नव्हे. गूगल या तक्रारींचा उपयोग मुख्यतः स्पॅम ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा सुधारण्यासाठी करते; २०१८ पासून वापरात असलेली ‘स्पॅमब्रेन’ ही त्यांपैकीच एक. २०१९ मध्ये सुमारे २,३०,००० तक्रारी आल्या आणि छाननी झालेल्या तक्रारींपैकी ८२ टक्के तक्रारींवर कारवाई करता आली, असे गूगलने जाहीर केले होते. पण त्याच वर्षी रोज आढळणाऱ्या स्पॅम पानांची संख्या २,५०० कोटींहून अधिक असल्याचेही सांगितले होते. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक पान माणसाने तपासणे अशक्यच असते. म्हणून एकाच पत्त्याविरुद्ध तोच मजकूर वारंवार पाठवण्यापेक्षा, ज्यातून फसवणुकीची पद्धत उलगडेल अशी एकच नेमकी तक्रार अधिक मोलाची ठरते, असे मी व्यवस्थापकांना सांगितले आणि तपासाला बसलो.

संस्थेचा पत्ता थेट टाकला की वर्गांचे वेळापत्रक आणि प्रवेशाची माहिती असलेले साधे पान उघडत होते. तोच दुवा सर्चच्या निकालातून उघडला, की क्षणात भलत्याच दुकानाकडे रिडायरेक्ट होत होता. ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’ हे साधन कोणत्याही सार्वजनिक पानाला गूगलच्याच एका बॉटच्या (पाने वाचणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामच्या) ओळखीने भेट देते, म्हणून तो पत्ता मी त्यात तपासला, तेव्हा औषधांच्या नावांनी भरलेले तिसरेच पान समोर आले. बॉटला एक आणि वाचकाला दुसरे दाखवण्याच्या या प्रकाराला क्लोकिंग म्हणतात. संस्थेने हे स्वतः केले असेल, असे मला क्षणभरही वाटले नाही. तिचे संकेतस्थळ हॅक झाले होते.

मग त्याच शीर्षकांमधील ठरावीक शब्द घेऊन शोध सुरू केला. एकमेकांशी काहीही संबंध नसलेली कितीतरी संकेतस्थळे सापडली: पत्त्यांची रचना सारखी, फोल्डरची नावे सारखी आणि शेवटी पोहोचायचे ठिकाण तेच दुकान. शिक्षा मिळायला हवी होती ती या साखळीला. तक्रारीत मी कोणत्या शब्दांच्या शोधात ही पाने दिसतात, ती कशी उघडली असता रिडायरेक्ट घडते आणि सर्वांमध्ये समान काय आहे, एवढेच थोडक्यात लिहिले. आमच्या ग्राहकाचे किती नुकसान झाले, याचा उल्लेख मुद्दाम टाळला, कारण सर्चमध्ये शोध घेणाऱ्या माणसाची होणारी फसवणूक हाच तेथे विचारात घेण्याजोगा मुद्दा असतो; आणि चिठ्ठीशिवाय औषध शोधणारा माणूस अशा दुकानाच्या हाती लागणे ही गंभीर बाब आहे.

त्याच दुपारी संस्थेलाही कळवले. त्यांच्याकडे सर्च कन्सोलचे, म्हणजे गूगल संकेतस्थळाच्या मालकांना जेथे सूचना देते त्या साधनाचे, खातेच नव्हते, त्यामुळे हॅकिंगची कोणतीही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्या तंत्रज्ञांनी मालकीची पडताळणी पूर्ण केली, तेव्हा मालकांच्या यादीत एक अनोळखी खाते आधीपासूनच हजर असल्याचे दिसले. हल्लेखोराने पडताळणीची फाइल सर्व्हरवर ठेवून स्वतःला मालक म्हणून नोंदवले होते, आणि आपल्या बनावट पानांचा साइटमॅपही (पानांच्या पत्त्यांची यादी) गूगलला सादर केला होता. चोराने घरात शिरून दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावावी, तसा हा प्रकार होता. तंत्रज्ञांनी ती फाइल काढून त्या खात्याची मालकी रद्द केली, पासवर्ड बदलले, जुनी प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेले छोटे प्रोग्राम) काढली, बनावट पानांचे पत्ते ४०४ (‘पान सापडले नाही’) असे उत्तर देतील अशी व्यवस्था केली आणि नंतरच सुरक्षाविषयक पुनरावलोकनाची विनंती पाठवली. क्रम महत्त्वाचा असतो. सफाईपूर्वी केलेली विनंती नाकारली जाते.

संस्थेच्या संकेतस्थळाबाबत गूगलने नोंदवलेला हॅकिंगचा इशारा पुढे हटला आणि तिची बनावट पाने निकालांतून नाहीशी झाली. साखळीतील इतर पानेही हळूहळू विरळ होत गेली. ती आमच्या तक्रारीमुळे गेली की यंत्रणेने आधीच हेरली होती, हे सांगणारे उत्तर आम्हाला आले नाही. व्यवस्थापकांना मी तेवढेच कळवले, आणि त्यांच्या स्वतःच्या सर्च कन्सोलमधील मालकांची यादी त्यांच्यासमोर उघडून एकेक नाव तपासले.