तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ झाल्यावर पळता येतं का?

आमच्या पळणाऱ्या बायकांच्या गटात नवी आलेली कुणी ना कुणी हे विचारतेच. "ताई, बाळ झाल्यावर पूर्वीसारखं पळता येतं का हो?" पुष्कळदा त्यामागे घरच्यांचं "आता कशाला ही थेरं?" असतं. मी धावपटू डेरार्टू तुलूचं नाव सांगते. तिच्याच देशाचा धावपटू हैले गेब्रसेलासी बहुतेकींना ऐकून माहीत असतो, ही नसते.

डेरार्टू इथिओपियातल्या बेकोजीची. आपल्या कळसूबाईपेक्षा हजारभर मीटर उंचावरचं हे गाव. केनेनिसा बेकेले आणि तिरुनेश दिबाबा हे नावाजलेले धावपटूही तिथलेच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये वीस वर्षांच्या डेरार्टूनं १०,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री. रौप्य मिळालं दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या एलाना मेयरला. वर्णभेदामुळे बाहेर ठेवलेला तो देश तेव्हा कुठे ऑलिंपिकमध्ये परतला होता. शर्यत संपल्यावर दोघी हातात हात घालून मैदानभर फिरल्या. तो फोटो गाजला, डेरार्टूची आठवण निघते तीही त्याचीच.

मला मात्र तिची सिडनीची शर्यत जास्त मोलाची वाटते. १९९६ ला अटलांटात ती चौथी आली, १९९८ मध्ये मुलगी झाली आणि २००० मध्ये ती पुन्हा त्याच अंतराला उभी राहिली. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ मान हलवत, दात-ओठ खात फेऱ्यांमागून फेऱ्या पुढे ओढत होती. डेरार्टू मागे, चेहऱ्यावर रेघ हललेली नाही. शेवटच्या फेरीत तिनं जो वेग घेतला, त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. ३० मिनिटं १७.४९ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. रॅडक्लिफ चौथी. ही शर्यत दोनदा जिंकणारी डेरार्टू पहिलीच. (अर्थात बायकांना ती ऑलिंपिकमध्ये मिळालीच १९८८ ला, त्याआधी आम्हाला एवढं झेपणार नाही असा समज!)

आता लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती महिन्यांनी?" इथे मी हात आखडता घेते. डेरार्टूच्या बाळंतपणात आणि सिडनीत दोनेक वर्षं गेली होती. रॅडक्लिफला २००७ च्या जानेवारीत मुलगी झाली आणि नोव्हेंबरात तिनं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली खरी, पण मधल्या काळात घाईनं सराव सुरू केल्यामुळे कंबरेच्या खाली हाडाला बारीक तडा गेला होता. तिच्या दिमतीला तज्ज्ञ होते, आपल्या दिमतीला डिंकाचे लाडू. तेव्हा शिंकताना किंवा उडी मारताना लघवी निसटत असेल तर "चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मग बूट.

आणि "वय झालं आता" म्हणणाऱ्यांसाठी: २००९ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन डेरार्टूनं ३७ व्या वर्षी जिंकली, २ तास २८ मिनिटं ५२ सेकंदांत. ती जिंकणारी पहिली इथिओपियन स्त्री. रॅडक्लिफ तिथेही चौथीच.

आमच्या गटात यायचं तर पहिले काही आठवडे नुसतं चालायचं. बाळाला आणलंत तरी चालेल, कुणी ना कुणी घेऊन बसतंच.