३६ए ची सीट मागे का गेली नाही

ती विमानाच्या दारात पोहोचली तेव्हा तिच्या कार सीटच्या, म्हणजे लहान मुलाला मोटारीत बांधून बसवायच्या खुर्चीच्या, हँडलला होल्डचा, म्हणजे विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकायचा, टॅग लागलेला होता. म्हणजे गेटवरच्या मुलाने परस्पर निकाल लावून टाकला होता. तिच्या कडेवर चौदा महिन्यांचा मुलगा, पाठीवर सॅक, मागे सासूबाई आणि सासूबाईंच्या हातात औषधांची पिशवी. "याचं वेगळं तिकीट आहे, मी याला मांडीवर घेणार नाहीये," हे ती मला इंग्रजीत, भांडायच्या तयारीने म्हणाली. मी सासूबाईंना "या आजी, सावकाश" म्हटलं, तशी ती मराठीवर आली आणि जरा नरमही झाली.

मुंबई-लंडन, आणि पुढे त्यांना न्यूअर्क गाठायचं होतं. नवरा आधीच परतला होता. विमान गच्च. मी त्या फ्लाइटची पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख.

गेटवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, साईज मोठी आहे, बसणार नाही." त्याने मोजली नव्हती. त्याचा तरी काय दोष म्हणा. विमान पाच मिनिटं उशिरा सुटलं की कोणत्या खात्यामुळे, हे लेखी द्यावं लागतं, आणि ते खातं आपलं नसावं एवढीच त्याची धडपड. पण तिकीट काढलेल्या सीटवर काय बसतं ते ठरवायचं काम त्याचं नाही.

आम्ही आकार नंतर बघतो, आधी लेबल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कार सीटवर लाल अक्षरांत एक वाक्य असतं: ही सीट मोटारीत आणि विमानात, दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. ते नसेल तर सीट कितीही महागडी असो, टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. नुसती उंची वाढवणारी बूस्टर सीट तर नाहीच, कारण विमानात बेल्ट फक्त कमरेचा असतो आणि बूस्टरला खांद्यावरूनही बेल्ट लागतो. आता हे लेबल कंपन्या कुठे चिकटवतात? बुडाला, नाहीतर कव्हरच्या आत. मागे रांग तुंबलेली असताना मी ती सीट दारातच उलटी केली. आतून चुरमुरे पडले, एक इवलासा मोजा पडला, आणि मग लाल अक्षरं दिसली. टॅग मी तिथेच फाडला.

पुढचं काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. कार सीट खिडकीशीच लावायची, म्हणजे धावपळीची वेळ आली तर तिच्यामुळे कुणाची वाट अडत नाही. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत नाही, तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगेतही नाही. काही सीटच्या बेल्टमध्येच एअरबॅग असते, तिथेही नाही. मुलाच्या तिकिटाची ३७ए यातल्या कशात बसत नव्हती. आर्मरेस्ट वर केला, सीट ठेवली, बेल्ट तिच्या खालच्या खाचेतून ओवला, गुडघ्याने सगळं वजन टाकून बेल्टचं टोक ओढलं. हलवून पाहिली तर इंचभरही हलायला नको. पण खरी गोम बकलमध्ये आहे. विमानाचं बकल झाकण उचलून उघडतं. ते कार सीटच्या कवचाखाली घट्ट दाबलं गेलं की उचलायला जागाच उरत नाही, आणि उतरताना आईवडील घामाघूम होऊन त्याच्याशी झटत बसतात. म्हणून बकल उलटं करायचं, झाकण विमानाच्या सीटकडे येईल असं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नाही. एका प्रवासी बाईने दाखवलं होतं, तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला दाखवते. निम्मे ऐकतात.

मुलाचं तोंड मागच्या बाजूला, कारण या वयात तेच सुरक्षित. अचानक ब्रेक लागला तर मान न झुकता सगळी पाठ धक्का घेते. आजींना हे अजिबात पटलेलं नव्हतं. "कैद्यासारखं बांधतात का गं लेकराला? आमची चार पोरं एसटीत मांडीवरच वाढली." सून काही बोलली नाही. हा वाद घरी पुष्कळदा होऊन गेला असावा.

मग त्याच्या अगदी पुढच्या सीटचे, ३६ए वाले आले. उंच, साठीच्या आतबाहेरचे, कामानिमित्त नेहमी फिरणारे. सूटकेस वर टाकली, बसले आणि बटण दाबून पाहिलं. सीट मागे जाईना. कशी जाणार? मागच्या कार सीटची पाठ तिला टेकलेली.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं हे आधीच सांगते. खिडकीसाठी त्यांनी जादा पैसे भरले होते आणि साडेनऊ-दहा तास ताठ बसून काढायचे होते. "ती सीट पुढे तोंड करून लावा ना," ते म्हणाले. आईने मान हलवली. माझी ज्युनिअर माझ्या कानाशी लागली, "मॅम, सोडा ना, बाळ लॅपवर घ्यायला सांगू, इन्फंट बेल्ट देते." इन्फंट बेल्ट म्हणजे आईच्या बेल्टमध्ये ओवलेला छोटा पट्टा. हा सोपा रस्ता आमच्याकडे सगळ्यांना लगेच सुचतो. ज्या बाईने पूर्ण तिकीट काढलं, अख्खं विमानतळभर ते ओझं वाहिलं, नियमात बसणारी सीट आणली, तीच विमानात कटकटी ठरते. मांडीवर मूल घेऊन आलेल्यांना आम्ही हसून चॉकलेट देतो.

मॅन्युअलमध्ये यावर एक ओळही नाही. कार सीट कुठे चालते, कुठे नाही, सगळं आहे. पुढच्या सीटची पाठ अडली तर कोणी माघार घ्यायची, ते नाही. मी रांगेकडे पाहिलं. ३७बी आई, ३७सी आजी. आजींना विचारलं, "आजी, तुम्ही पुढे खिडकीशी बसाल? फक्त सीट मागे जाणार नाही."

"मला कुठे मागे टेकायचंय? मी बसूनच झोपते."

आणि ३६ए वाल्यांना आजींची आयलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची सीट. पाय पसरायला मोकळी, मागे झुकणारी. ते उठले, पण "मला उठवलं जातंय" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून. दार वेळेवर बंद झालं. कार सीट नको म्हणणाऱ्या आजींनी त्या कार सीटपायी रात्रभर पाठ ताठ ठेवली. मधूनमधून मान वळवून फटीतून नातवाकडे बघायच्या, "झोपला का गं?" विचारायच्या. तो ढाराढूर झोपला होता. घरच्याच सीटमध्ये होता ना.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

पहाटेच्या सुमारास कॅप्टनने बेल्टची खूण लावली. पुढे भिंतीजवळच्या रांगेत एक आठ महिन्यांची मुलगी बॅसिनेटमध्ये, म्हणजे भिंतीला अडकवलेल्या पाळण्यात, झोपलेली होती. खूण लागली की बाळ बॅसिनेटमधून काढून मांडीवर घ्यायचं आणि इन्फंट बेल्टचा पट्टा त्याच्या कमरेला लावायचा. झोपलेलं बाळ उठवा म्हटलं की आईबाप आमच्याकडे कसे बघतात ते विचारू नका. त्यांनी उचललं, पण पट्टा लावला नाही. मी दोनदा सांगितलं. "हो, एक मिनिट." तेवढ्यात आम्हालाही बसायचा हुकूम आला. माझी जंपसीट, म्हणजे क्रूची घडीची सीट, त्या रांगेच्या समोरच आहे.

धक्का फार मोठा नव्हता. गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, दोन ट्रे घसरले, कुणाची तरी कॉफी छताला लागली. पण ती मुलगी आईच्या हातातून वर गेली, हे मी पाहिलं. आई झोपेत नव्हती, हात सैल नव्हते. बापाने पाय पकडला म्हणून, नाहीतर ती दुसऱ्या रांगेत गेली असती. कपाळ आर्मरेस्टवर आपटलं. टेंगूळ आलं, बर्फ लावला, विमानात एक डॉक्टर होते त्यांनी तपासलं. ठीक होती.

माणसाच्या हाताची ताकद किती याचं गणित आम्हाला माहीत असतं. नऊ किलोचं बाळ चौपट जोराच्या झटक्यात छत्तीस किलोचं होतं. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून निघालेलं ७७७ म्यानमारवर पाच सेकंदांच्याही आत १७८ फूट खाली आलं, त्यात बेल्ट नसलेली मोठी माणसं छतावर आदळली. मांडीवरच्या पट्ट्याने अशा वेळी बाळ वर उडणार नाही, हे खरं. पण विमान जमिनीवर आदळलं तर आईचं अंग कमरेतून पुढे वाकतं आणि मधे बाळ असतं. म्हणून अमेरिकन विमानांत हा पट्टा टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. आम्ही मात्र तो हसतमुखाने वाटतो.

अमेरिकेतही सगळं आलबेल आहे असं नाही. जुलै १९८९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२ तिथल्या सू सिटीला कोसळलं, तेव्हा मांडीवर चार मुलं होती. मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राऊन यांनी नियमाप्रमाणे आयांना मुलं जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं. त्यातलं एक गेलं. त्या बाईंनी नंतर हा नियम बदलावा म्हणून पिच्छा पुरवला. तिथल्या सरकारने अखेर नाही म्हटलं, कारण मुलांचंही तिकीट सक्तीचं केलं तर लोक मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील. हिशोब बरोबर असेलही. मला तो जंपसीटवर बसून करता येत नाही. आपल्याकडे २०१९ पासून गाडीत चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंडाचं कलम आहे. सनरूफमधून बाहेर काढलेली पोरं बघून ते कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

हीथ्रोला उतरताना त्या मुलीच्या आईने ३७ए कडे बोट करून विचारलं, "असं लावता येतं? आम्हाला बुकिंग करताना कोणीच सांगितलं नाही." खरं आहे. तिथे फक्त 'दोन वर्षांखालील' असा एक रकाना असतो, आणि शेजारी स्वस्त भाडं. कार सीट आणणार का, हा प्रश्नच नसतो. तो असता तर ३६ए आपोआप त्याच कुटुंबाला गेली असती.

आजी जाताना कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पुढची सीटपण आपल्याच नावावर घ्या म्हणावं हिला." बकल पहिल्या झटक्यात उघडलं.

आता ३६ए वाल्यांची तक्रार आली आहे आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय: पैसे भरलेल्या प्रवाशाला कोणत्या नियमाने उठवलं? नियम नाही, असं मी लिहिलंय. त्यांचे खिडकीचे पैसे परत करा, असंही लिहिलंय, कारण ते रास्तच आहे. बॅसिनेटच्या रांगेबद्दल त्याच कागदावर दोन परिच्छेद लिहून ठेवलेत. माझ्या मॅनेजरच्या मते एका खुलाशात दोन विषय आणू नयेत. ती बाब 'किरकोळ दुखापत, प्रथमोपचार दिले' म्हणून केबिन रिपोर्टमध्ये बंद झालेली आहे. ते परिच्छेद मी अजून खोडलेले नाहीत.