केळकर संग्रहालय: मुलांना नेताय? आजीलाही न्या

रविवारी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला वनाजहून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. तिथून नातूबागेपर्यंत रमतगमत पंधरा मिनिटं. पेठांत गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा हे बरं. शिवाय सिव्हिल कोर्टाचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर. सरकत्या जिन्यांवरच मुलांची निम्मी सहल वसूल झाली.

चूक आमचीच: धाकटीची बाबागाडी नेली. जुन्या धाटणीची, मजल्यांची इमारत, जिने चढायचे. पुढचे दोन तास गाडी खाली आणि धाकटी माझ्या कडेवर.

पहिल्या दालनात मी पाट्या वाचून दाखवायला लागलो, तर थोरल्याला जांभया. मग सासूबाई पुढे झाल्या. "ओळख बघू, हे कशाला?" वर पक्षी बसवलेली छोटी धातूची वस्तू. हा म्हणाला, खेळणं. निघाली वजरी, टाचा घासायची! अडकित्ता त्याला पक्कड वाटली. तिथून खेळ रंगला: दिवे, दौती, गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते. शेवयांच्या साच्यापाशी मात्र आजीच अडकल्या. त्यांच्या माहेरी शेवया हातानेच वळायच्या आणि खाटेवर वाळायच्या, हे मलाही नव्यानेच कळलं.

दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून या वस्तू गोळा केल्या. संग्रह २०,००० च्या वर, मांडलेला त्यातला थोडाच, तरी तोही एका फेरीत उरकत नाही. चार-पाच दालनं निवडा, बाकीची पुढच्या वेळी. मस्तानी महाल मात्र चुकवू नका. त्याचे अवशेष कोथरूडहून आणून इथे उभे केलेत. "म्हणजे मस्तानी आपल्या कोथरूडला राहायची?" या प्रश्नाची तयारी ठेवा.

आणि नावातला 'राजा' कुणी सिंहासनावरचा नव्हे, केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. हे सांगितल्यावर थोरला गप्प झाला. निघताना त्याने पाटी पुन्हा वाचली.

सकाळी उघडता उघडता पोचा, मुलांना खाऊ घालूनच आत न्या. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन मोठी माणसं हवीतच, एक कडेवर घ्यायला आणि एक काचेला चिकटलेलं नाक सोडवायला.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला माळ्यावर चढवून त्यांचा अडकित्ता काढायला लावला. गंजलाय, पण सुपारी फुटते.