तुम्ही विचारलंत म्हणून: सगळंच छापायचं का?

"म्हणजे सरकारची सगळी गुपितं छापून टाकायची का?" भाषण कुठलंही असो, नंतर चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच, आणि पुढचं वाक्यही तयार असतं, मग सीमेवरच्या जवानांचं काय.

नाही हो. सैन्य उद्या कुठे हलणार, खबऱ्या कोण, हे छापा असं मी कधी म्हटलंय? माझं एवढंच म्हणणं की ज्याची चूक कागदात आहे त्याच्याच हातात 'गोपनीय'चा शिक्का देऊ नका. १९६२च्या युद्धातल्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल बघा, त्यातला बराच भाग २०१४ला इंटरनेटवर आला तरी सरकारदरबारी तो अजून गुप्तच. आता त्यात चीनला माहीत नसलेलं काय उरलंय?

माहिती अधिकार आहे की, असंही ऐकवतात. आहे. कलम ८(२) तर म्हणतं की जनहित मोठं असेल तर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितं जपायचा कायदा, असला तरी माहिती देता येते. पण ते मोठं आहे की नाही हे ठरवणार कोण, तर परत तेच टेबल.

आणि तुमच्यावर पूर्ण चिडताही येत नाही, कारण २००२ला दिल्लीत इफ्तिखार गिलानी या पत्रकाराला ह्याच १९२३च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली अटक झाली तेव्हा मीच घरी म्हणालो होतो, काहीतरी असेल म्हणूनच उचललं ना. सात महिने तुरुंगात काढल्यावर २००३च्या जानेवारीत सरकारनेच केस मागे घेतली. ती 'गुप्त' माहिती इंटरनेटवर कुणालाही मिळत होती.

पण ह्या प्रश्नाने मी वैतागतो त्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरकारी खात्यातल्या क्लार्कने मला एका चौकशी अहवालाची झेरॉक्स दिली. काम अर्धवट आणि बिलं पूर्ण निघालेली, एवढंच त्यात, वर शिक्का गोपनीय. त्यांची अट एकच, मजकूर वापरा, कागद दाखवू नका. मी टीव्हीवर चर्चेला गेलो, समोरचे प्रवक्ते सारखे म्हणायला लागले पुरावा कुठाय, पुरावा दाखवा, आणि मी कागद कॅमेऱ्यापुढे धरला. पाच सेकंद असतील. उजव्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं होतं, प्रत क्रमांक ४. प्रती सहाच निघाल्या होत्या आणि चौथी कुणाच्या टेबलावर गेली ते रजिस्टरला नोंदलेलं होतं. आठवड्याभरात निलंबन, मग खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ रोखली, आणि शेवटी बदली अशा ठिकाणी की घर एकीकडे आणि ते दुसरीकडे. मी फोन केला तर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, कोपरा तरी झाकायचा होतात."

मला काय झालं? आणखी दोन चॅनेलनी बोलावलं. आणि तो अहवाल पुढच्या अधिवेशनात सरकारने स्वतःच सभागृहापुढे ठेवला.

दोष शिक्का मारणाऱ्यांचा, असं मी स्वतःला सांगत आलो. आहेच त्यांचा, आजही म्हणतो. पण त्या रात्री माझ्या डोक्यात जनहित वगैरे नव्हतं, त्या प्रवक्त्याचं तोंड बंद करायचं होतं. नंतर 'सूत्रांचं संरक्षण' ह्या विषयावर मोठा लेख लिहिला, मानधनही घेतलं, त्यात हे आलं नाही. पारदर्शकतेवर बोलणारा मी! २०१९ला राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचे कागद पेपरात आले, ते चोरीचे आहेत हा सरकारचा आक्षेप सुप्रीम कोर्टाने उडवून लावला, सगळे खूश, मीही टाळ्या वाजवल्या, पण पेपर हातात आला तेव्हा पहिल्यांदा बघितले ते छापलेल्या फोटोचे कोपरे.

छापणाऱ्यासाठी निदान कोर्ट आहे, बोंब मारायला आम्ही आहोत. कागद देणाऱ्यासाठी काय? जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ला संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि लागू करायची अधिसूचना मात्र निघालीच नाही. मग तेव्हा मी कागद नाकारायला हवा होता का? तर ती बिलं कधीच बाहेर आली नसती. की आली असती, अधिवेशनात? माहीत नाही, खरंच.

हे लिहायच्या आधी त्यांना फोन केला. रिटायर झालेत. म्हणाले, "लिहा की, पण खातं कुठलं ते नका लिहू, पेन्शनचं थोडं अडकलंय अजून."

म्हणून ते लिहिलेलं नाही.