विळीसमोर पंधरा दिवस

डिझाइनच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला आम्हाला एक काम मिळाले होते: घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू निवडायची, पंधरा दिवस तिच्या वापराचे निरीक्षण करायचे आणि मग तिच्यात सुधारणा सुचवायची. मी विळी निवडली. खरे सांगायचे तर निरीक्षणाआधीच माझे उत्तर तयार होते. गुडघे दुखणाऱ्या आजीला जमिनीवर बसावे लागू नये, म्हणून विळी ओट्याच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवायची, एवढेच.

पहिले दोन दिवस मी आजीला प्रश्न विचारण्यात घालवले आणि ते वाया गेले. ‘भाजी कशी चिरतेस?’ या प्रश्नावर ‘रोज चिरते तशी’ यापलीकडे ती तरी काय सांगणार? तिसऱ्या दिवसापासून मी तिच्या हातांचे मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहू लागले. सुरीने चिरताना पाते हलते आणि भाजी जागेवर राहते. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्याकडे जाते. पाट पायाखाली दाबलेला असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि मेथीची अख्खी जुडी मुठींत आवळून पात्यावर रेटता येते. बंगालमध्ये ‘बोटी’ नावाच्या तिथल्या विळीवर मोठे मासे कापतात, तेही याच पद्धतीने. आजी पात्याकडे क्वचितच पाहत होती. फोड केवढी पडणार हे तिची बोटेच ठरवत होती.

वस्तू माणसाला कोणत्या कृतींची मुभा देते, याला आमच्या अभ्यासात ‘अफोर्डन्स’ म्हणतात. जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घडवलेला हा शब्द डॉन नॉर्मन यांनी १९८८ मध्ये वस्तुरचनेच्या चर्चेत रुळवला. परीक्षेत मी त्याची व्याख्या बिनचूक लिहिली होती, पण विळीची निम्मी मुभा विळीत नसून मांडी घालून बसलेल्या शरीरात आहे, हे मला त्या चित्रणातच दिसले.

धोक्याबद्दलचा माझा अंदाजही चुकला. चिरताना बोट कापल्याचा एकही प्रसंग मला दिसला नाही. काळजाचा ठोका चुकायचा तो दाराची घंटा वाजल्यावर, कारण उभे पाते तसेच सोडून माणूस उठतो. आजी मात्र उठण्यापूर्वी न चुकता विळी आडवी करत होती आणि आई घाईत विसरली की तिला बसल्या जागेवरून ओरडत होती.

तरीही हट्टाने मी नमुना बनवला. ओट्याच्या उंचीवर कोपर वर उचलावे लागत होते, खांद्यांचा भार भाजीवर येत नव्हता आणि दुधी अर्ध्यातच अडकत होता. सादरीकरणात मी हे सगळे चित्रणासह मांडले. परीक्षकांनी नमुन्याला गुण कमी दिले आणि निरीक्षणाला बरे दिले, तेही मला योग्यच वाटले.

नमुना टाकून द्यायला निघाले, तेव्हा आजीने तो ठेवून घेतला. पात्याच्या टोकाच्या खोवणीवर नारळ खोवताना वाटी दोन्ही तळव्यांत धरून नुसती फिरवायची असते, त्यासाठी खांद्यांचा भार लागत नाही, त्यामुळे हे एक काम तिला उभ्याने जमते. पात्याच्या धारेवर मात्र तिने जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळून पक्के बांधून टाकले आहे आणि भाजी ती अजून खाली बसूनच चिरते.