ॲफिलिएटचं खातं सगळ्यात शेवटी उघडा

ॲफिलिएट मार्केटिंग, म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकानाकडून दलाली घेण्याचं काम, करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच रात्री ॲमेझॉन असोसिएट्स या ॲमेझॉनच्या दलाली योजनेचं खातं उघडून मोकळे होतात. नाव, पत्ता, पॅन, बँकेचा तपशील दिला की अर्ध्या तासात काम फत्ते. मग उत्साहात दहा-बारा लिंका नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. इथेच दोन चुका एकदम होतात. पहिली म्हणजे घड्याळ सुरू होतं: नोंदणीपासून 180 दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. दुसरी म्हणजे त्या ग्रुपवरून मामाने खरेदी केली तरी ती धरली जात नाही, कारण स्वतःची, नातेवाइकांची आणि मित्रांची खरेदी नियमात बसत नाही. खातं बंद झालं तर पुन्हा अर्ज करता येतो, पण जुन्या टॅगच्या (लिंकमधल्या तुमच्या खुणेच्या) सगळ्या लिंका निरुपयोगी होतात आणि प्रत्येक लेख उघडून त्या बदलत बसावं लागतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी विषय, मग लेख, मग वाचक, आणि वाचक येताहेत असं दिसलं की खातं.

प्रकार मुळात साधा आहे. दुकानाला गिऱ्हाईक आणून दिलं की दलाली मिळते. गिऱ्हाईक तुम्ही आणलं हे दुकानाला लिंकमधल्या टॅगवरून कळतं. भारतातल्या ॲमेझॉनच्या टॅगच्या शेवटी -21 असतं. लिंक कॉपी करताना हा शेपटीचा भाग तुटला तर लिंक उघडते, वस्तू दिसते, विक्रीही होते, फक्त पैसे तुमच्या नावावर पडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक लिंक टाकल्यावर एकदा स्वतः उघडून वरच्या पत्त्यात टॅग दिसतोय का ते बघायचं.

विषय निवडताना ‘मोबाइल’, ‘लॅपटॉप’ असले डोंगर घेऊ नका. तिथे मोठ्या वेबसाइटी दहा-दहा माणसं बसवून लिहितात. घरात रोज वापरातली, दोन-पाच हजारांची, घेताना माणूस अडखळतो अशी एक वस्तू घ्या. उदाहरणाला मिक्सर घेऊ. मिक्सरवर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण त्यात शेंगदाण्याचा कूट नाही, ठेचा नाही, खोबरं-कांद्याचं वाटण नाही. मराठी घरातल्या माणसाला नेमकं तेच विचारायचं असतं.

‘सर्वोत्तम 10 मिक्सर’ असा लेख लिहू नका. कंपनीच्या पानावरची माहिती उचलून मराठीत केलेले असले लेख ढिगाने पडलेत आणि गूगल त्यांना वर येऊ देत नाही. प्रश्न पकडा, तोही खरेदीच्या आदल्या दिवशी पडणारा. गूगलच्या चौकटीत ‘मिक्सर’ लिहून पुढे काय सुचवलं जातं ते वहीत उतरवा, आणि ‘लोक हेही विचारतात’ या भागातले प्रश्नही. शिवाय चार घरांत विचारा. असे प्रश्न हाती लागतात: दोघांच्या घराला 500 वॅट पुरतो का? कूट तेलकट का होतो? छोट्या वाटणाला कोणतं भांडं लागतं? मिक्सर मध्येच बंद पडला तर बिघडला समजायचं का? लोक मराठीत विचार करून रोमन अक्षरांत टाइप करतात हेही विसरू नका. पानाच्या पत्त्यात रोमन अक्षरांतलं मराठी ठेवलं तर लिंक पाठवतानाही बरी दिसते.

यातला एकच प्रश्न जवळून बघू, म्हणजे लेखात किती खोल जायचं ते कळेल. ‘कूट तेलकट होतो’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नवा मिक्सर घ्या’ असं नसतंच. गरम दाणे टाकले की वाफ धरते. बटण सलग चालू ठेवलं की पातं दाणे घासत राहतं, तेल सुटतं आणि खाली गोळा बसतो. दाणे पूर्ण गार करायचे, भांडं अर्ध्यावर भरायचं, बटण उलट्या बाजूला फिरवून दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे आणि मधे एकदा भांडं हलवायचं. हे सांगून झाल्यावर मग खरेदीचा मुद्दा: मोठ्या, एक-दीड लिटरच्या भांड्यात मूठभर दाणे टाकले की ते कडेला उडतात, पात्याखाली येत नाहीत. म्हणून 400 मिलिलिटरच्या आसपासचं चटणीचं भांडं सोबत येतं का, हे बघून मिक्सर घ्यावा. लिंक इथे टाकायची. वाचकाला तोवर पटलेलं असतं की लिहिणाऱ्याने कूट केलेला आहे.

तसंच वॅटचं. चार माणसांच्या घरात रोजची चटणी, वाटण, ताक यांना 500 वॅट चालतो. आठवड्याला इडली-डोशाचं पीठ आणि सुकं खोबरं असेल तर 750. वर्षाचा मसाला दोन्हींवर करू नका, डंकावर कुटून आणा, हेही लिहा. ‘घेऊ नका’ असं लिहिणाऱ्याच्या ‘घ्या’ला वजन येतं. मिक्सरच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात ‘5 मिनिटं चालू, 2 मिनिटं बंद’ अशी मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली की मोटर तापते, खालचं लाल बटण उडतं आणि मिक्सर मेल्यासारखा पडतो. गार होऊ द्यायचा, बटण दाबायचं, परत सुरू. भांड्याखालचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) झिजणारच, तो गावातल्या दुकानात मिळतो का आणि तालुक्याला सर्व्हिस सेंटर आहे का, या दोन ओळी हजार शब्दांच्या स्तुतीपेक्षा उपयोगी. यासाठी दुकानातले सगळे मिक्सर विकत आणायची गरज नाही. घरातला, शेजारच्या काकूंचा, बहिणीचा असे तीन मिळाले तरी कूट दहा सेकंदांनी कसा दिसतो आणि वीस सेकंदांनी कसा, याचे फोटो काढता येतात.

फोटो स्वतःचेच हवेत, कारण ॲमेझॉनवरचे फोटो उतरवून आपल्या पानावर चढवायला परवानगी नाही. किंमतही हाताने लिहायची नाही. ती दिवसातून बदलते आणि जुनी किंमत दिसली की वाचक आपल्यालाच खोटं ठरवतो. ‘आजची किंमत बघा’ असं लिहून लिंक द्या. तिथली तारांकनं आणि गिऱ्हाइकांच्या प्रतिक्रिया उचलून आपल्याकडे चिकटवणंही नियमाबाहेर. लिंक एसएमएसने, ईमेलला जोडून, ईबुकमध्ये किंवा छापील कागदावर द्यायची नाही. लिंकचं तोंड झाकणारी, ती कुठे जाते ते कळू न देणारी प्लगिनं (वेबसाइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) टाळा. ॲमेझॉनचीच छोटी लिंक चालते. आणि गूगलवर ‘ॲमेझॉन’ या नावावर जाहिरात लावून तिथून लोक आणण्याची युक्ती कुणी शिकवली तर ऐकू नका, खातं जातं.

वेबसाइटला सुरुवातीला फार खर्च नाही. वेबसाइटचं स्वतःचं नाव आणि साधं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) मिळून वर्षाला साधारण दोन ते चार हजारांत भागतं. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर आधी वाचा. वेबसाइट बनवायला वर्डप्रेस, तिच्या रूपासाठी एक हलकी थीम, आणि गूगलवरून कोणत्या प्रश्नावर किती लोक आले ते दाखवणारं गूगल सर्च कन्सोल, जे फुकट आहे. प्रत्येक ॲफिलिएट लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही, लिंक पैशांची आहे असं गूगलला सांगणारी खूण लावायची. गूगलने ती 2019 मध्ये आणली आणि वर्डप्रेसची बरीच प्लगिनं ती एका टिचकीत लावतात. इन्स्टाग्रामवर सुरुवात करणारे बरेच आहेत, पण तिथे पोस्टच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, बायोतली किंवा स्टोरीतली चालते. शिवाय लिंक इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे माणसाने ॲमेझॉनला लॉगिन केलेलं नसतं. तो खिडकी बंद करतो, नंतर ॲपमध्ये जाऊन तीच वस्तू घेतो आणि तुमचं नाव त्यात कुठेच नसतं. रील लोक आणण्यासाठी ठीक, निर्णय लेखातच होऊ द्या.

दहाएक चांगले लेख झाले, सर्च कन्सोलमध्ये रोज पन्नास-शंभर क्लिक दिसायला लागले, की अर्ज करा. अर्जात आपली वेबसाइट आणि जिथे जिथे लिंका टाकणार ती सगळी खाती नोंदवा. न नोंदवलेल्या जागेवरून विक्री आली तर नंतर प्रश्न विचारले जातात. खात्यातून वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी, म्हणजे वेगवेगळे टॅग, काढता येतात. कूटच्या लेखाला एक, वॅटच्या लेखाला दुसरा द्या. नाहीतर महिन्याअखेर चार विक्री दिसतील आणि त्या कुठून आल्या ते कळणार नाही.

आता पैशांचं. लिंक दाबल्यापासून 24 तासांत जी खरेदी होईल ती तुमची, मग मिक्सरऐवजी चादर घेतली तरी. त्या 24 तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली तर ऑर्डर 89 दिवसांपर्यंत धरली जाते. मधेच त्याने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर शेवटच्या लिंकवाल्याला पैसे. दलाली जीएसटी वगळून मोजतात. मिक्सर 3,540 रुपयांचा असेल तर 18 टक्के जीएसटी वजा जाऊन मूळ रक्कम 3,000. दर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे वेगळा असतो आणि बदलतो. समजा 5 टक्के धरला, तर 150 रुपये. महिन्याला 100 जणांनी लिंक दाबली, चौघांनी घेतला, एकाने परत केला, तर 450. ऑर्डर झाली म्हणून नाही, माल रवाना झाला की रक्कम दिसते आणि परत आला की वजा होते. हातात यायला महिना संपल्यावर सुमारे 60 दिवस, म्हणजे ऑक्टोबरचे पैसे डिसेंबरअखेर. पहिल्या महिन्यात हप्ते भरायची आशा यावर ठेवू नये.

जास्त दलालीचा मोह डीमॅट खाती आणि कर्जांच्या लिंकांकडे ओढतो. नवख्याने तिकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. शेअर बाजाराबद्दल सल्ला देणाऱ्या नोंदणी नसलेल्यांशी व्यवहार करण्यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, 2024 मध्ये आपल्या नियंत्रणातल्या संस्थांना बंधनं घातली आहेत. एकाच ठिकाणाहून अनेक दुकानांच्या लिंका देणाऱ्या क्यूलिंक्स, अर्नकरो यांसारख्या सेवा सुरुवातीला सोयीच्या वाटतात. मात्र मधला माणूस आला की त्याचा वाटा आला. आणि जिथे सामील व्हायलाच पैसे भरावे लागतात, तोच कोर्स पुढे तिघांना विकायचा असतो, त्याला ॲफिलिएट म्हणू नका. पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी बंदी घातली आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर 1978 पासूनच कायदा आहे.

लिंकमधून पैसे मिळतात हे वाचकाला सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, आणि वस्तूची शिफारस करणाऱ्यांनी काय उघड करायचं याच्या केंद्र सरकारच्या सूचना जानेवारी 2023 च्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. ॲमेझॉनचं ठरलेलं इंग्रजी वाक्य टाकावंच लागतं, पण लेखाच्या वर, पहिल्या लिंकआधी, मराठीतही लिहा: ‘या लेखातल्या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला दलाली मिळते, तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत.’ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं तर न लिहिल्यासारखंच.

कर लगेच लागत नाही, पण पॅन पहिल्या दिवसापासून बरोबर भरा. पॅन नसेल तर 20 टक्के कापतात. दलालीवरचा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) ऑक्टोबर 2024 पासून 2 टक्के आहे आणि एप्रिल 2025 पासून वर्षाला 20,000 च्या पुढे गेल्यावरच कापला जातो. कापलेली रक्कम आयकराच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर दिसते. एक चूक मात्र हमखास होते: हे उत्पन्न अंदाजित नफ्यात (खर्चाचा हिशेब न देता उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरण्याच्या सवलतीत) दाखवून आयटीआर-4 हे विवरणपत्र भरतात. दलालीच्या उत्पन्नाला ती सवलत नाही. होस्टिंग, इंटरनेट, वस्तूंचा खर्च यांची बिलं ठेवून खरा नफा दाखवावा लागतो. जीएसटी नोंदणीचा प्रश्न महाराष्ट्रात सेवांची उलाढाल 20 लाखांवर गेली की येतो.

राहिला मुहूर्त. घरातली यंत्रं दसरा-दिवाळीत उठतात, आणि नव्या वेबसाइटचा लेख गूगलमध्ये वर यायला तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे मिक्सरचे लेख ज्येष्ठ-आषाढात लिहून संपलेले हवेत. श्रावणात सर्च कन्सोल बघून, ज्या प्रश्नांवर लोक येताहेत पण लेख गूगलच्या दुसऱ्या पानावर अडकलाय, त्या लेखांत फोटो आणि उत्तरं वाढवा. खातं गणपतीच्या सुमाराला उघडा. 180 दिवसांच्या त्या मुदतीत मग दसरा येतो, दिवाळी येते आणि संक्रांतही येते. जानेवारीत खातं उघडणाऱ्याची बरीचशी मुदत उन्हाळ्यातच जाते, आणि तेव्हा लोक मिक्सर नाही, कूलर शोधत असतात.